हरणाऱ्याचा खुराक कुणी द्यायचा?

२०२४ चा जुलै महिना आठवून पाहा. टी-ट्वेंटी विश्वचषक घेऊन भारतीय संघ मुंबईत आला होता आणि मरीन ड्राइव्हवर मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी, ५ जुलैला, विधान भवनात मुंबईच्या चार खेळाडूंचा सत्कार झाला. त्याच कार्यक्रमात मुख्यमंत्र्यांनी राज्याच्या तिजोरीतून संघाला ११ कोटी रुपये जाहीर केले. त्याआधीच क्रिकेट मंडळाने १२५ कोटी जाहीर केलेले होते. विरोधी पक्षाने विचारलं, यात आणि सरकारी पैसे कशाला? दोन दिवस वाद झाला, मग मोबाइलवर दुसरं काहीतरी आलं.

महिनाभरातच, १ ऑगस्टला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. राज्याने त्याला आधी एक कोटी जाहीर केले, नंतर ते दोन कोटी झाले. त्याच्या वडिलांनी जाहीरपणे म्हटलं की हे कमी आहे, हरियाणा यापेक्षा जास्त देतो. लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, पोराने देशाचं नाव केलं, द्या की. दुसरा म्हणाला, हाव सुटली.

या दोन्ही वादांत सगळे ‘किती’ एवढंच मोजत होते. ११ कोटी जास्त की कमी, दोन कोटी पुरेसे की नाहीत. मला त्यापेक्षा ‘कधी’ हा प्रश्न मोठा वाटतो. सरकारने खेळाला आणि सिनेमाला पैसे द्यावेत की देऊ नयेत, या जुन्या भांडणाची किल्लीही तिथेच असावी.

आमच्या नगर जिल्ह्यातून पाहिलं की हे जरा स्वच्छ दिसतं. (कागदोपत्री आता अहिल्यानगर. बोलताना तोंडातून अजून नगरच येतं, सवय आहे.) इथे सिनेमा आणि कुस्ती या फार लांबच्या गोष्टी नाहीत. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात संज्ञापनाचा अभ्यासक्रम करत होते, तेव्हाच ‘पिस्तुल्या’ हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘फँड्री’ आला, तो नगरजवळच्या अकोळनेर गावातल्या जब्याची गोष्ट घेऊन. त्याच कॉलेजात शिकलेल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी ‘ख्वाडा’ काढला. मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं धनगराचं कुटुंब आणि त्यातला कुस्तीचं वेड असलेला धाकटा मुलगा बाळू, अशी ती कथा. ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत परीक्षकांनी त्याची खास दखल घेतली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये तो थिएटरांत लागला.

‘ख्वाडा’ला भांडवल कुठून आलं? घरची जमीन विकून. हे कऱ्हाडे यांनीच अनेकदा सांगितलेलं आहे आणि त्या सिनेमाच्या प्रत्येक बातमीत ते कौतुकाने छापून आलं. ‘जमीन विकून सिनेमा काढणारा दिग्दर्शक’. आपल्याला अशा गोष्टी फार आवडतात. दादासाहेब फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला, ही गोष्ट तर आपण शाळेपासून ऐकतो. खाशाबा जाधवांचंही तसंच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते, सरकारकडून पुरेशी मदत झाली नाही. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. दीडशेच्या वर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आता त्यांच्यावरचा चित्रपट मंजुळे यांनीच हाती घेतला आहे.

जमीन, दागिने, घर. भारतीय सिनेमा आणि भारतीय ऑलिंपिक खेळ यांचे हे पहिले वित्तपुरवठादार. तेव्हा ‘कलेला आणि खेळाला पैसे कुणीतरी द्यावेत का’ हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण कुणीतरी देतच असतं. प्रश्न एवढाच की प्रयत्न फसला तर बुडणारा पैसा कुणाचा असावा.

आपल्या सरकारी मदतीची रीत पाहा. मराठी चित्रपटाला राज्य सरकारचं दर्जात्मक अनुदान आहे. अनेक वर्षं त्याचं गणित असं राहिलं: चित्रपट पूर्ण करायचा, सेन्सॉरचं प्रमाणपत्र घ्यायचं, अर्ज करायचा. मग एक समिती चित्रपट पाहते, गुण देते, ‘अ’ दर्जा मिळाला तर ४० लाख, ‘ब’ मिळाला तर ३० लाख, आणि दोन्हींत बसला नाही तर काही नाही. म्हणजे सरकार येतं ते पिक्चर संपल्यावर. तोपर्यंतचा पैसा निर्मात्याने आणायचा.

आता एक हिशेब करू. समजा तालुक्याच्या गावातल्या एका पोराने ४० लाख रुपये बाहेरून उचलले, शेकडा दोनने. आमच्याकडे हा दर फार महाग समजला जात नाही. चित्रीकरण, संकलन, सेन्सॉर, समिती, निधी येण्याची वाट, असं करत दोन वर्षं गेली. सरळ व्याजच होतं १९ लाख २० हजार. ‘अ’ दर्जा मिळून पूर्ण ४० लाख हातात पडले तरी त्यातले जवळजवळ निम्मे सावकाराचे. ज्याच्या घरात पैसा आधीच आहे त्याला मात्र ४० चे ४० मिळतात. अनुदान दोघांना सारखंच, नियमही सारखाच. तरी एकाला ते बक्षीस आहे आणि दुसऱ्याला औषध, तेही रोगी गेल्यावर आणलेलं.

खेळाचंही तेच. महाराष्ट्र केसरी, हिंद केसरी झालेल्या पैलवानांना सरकार मानधन देतं, चांगली गोष्ट आहे. ऑलिंपिक पदकाला कोटी देतं. पण पैलवानाला खुराक लागतो तो केसरी होण्याच्या आधी. दूध, तूप, बदाम, अंडी. वाढत्या वयाच्या पोराचा महिन्याचा खुराक अनेक घरांत बाकी सगळ्यांच्या मिळून किराण्यापेक्षा जास्त असतो. तालमीत आठ-दहा वर्षं घालवायची, त्यात एखाद्या दिवशी गुडघा गेला की संपलं. ती आठ-दहा वर्षं बाप म्हैस विकून भागवतो.

राजर्षी शाहूंना हे बरोबर कळलेलं होतं. खासबाग मैदान त्यांनी बांधलंच, पण त्याआधी तालमी उभ्या केल्या आणि पैलवानांचा खुराक संस्थानाच्या खर्चातून चालवला. त्यातले सगळे काही जिंकले नसतील. कुणी त्याचा हिशेब मागितल्याचं ऐकिवात नाही.

फार लांब कशाला, आपल्या गावची जत्राच घ्या. कुस्त्यांचा हगामा कसा चालतो? सकाळी की दुपारी, लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर. पोरगं जिंकलं काय, हरलं काय, मूठभर रेवड्या घेऊन अंगाला माती लावून आईकडे पळतं. मग दहा-वीस रुपयांच्या, मग शेकड्यांच्या, आणि दिवस मावळताना शेवटची मोठी. बरोबरीत सुटली तर इनाम निम्मं-निम्मं. हा सगळा पैसा लोकवर्गणीचा. ज्याच्या घरात पैलवान नाही तोही वर्गणी देतो, ज्याला कुस्तीतलं काही कळत नाही तोही देतो. म्हणजे सक्तीने गोळा केलेला, जवळजवळ करच तो, कारण न देणाऱ्याचं नाव गावभर होतं. आणि त्यातला पहिला हिस्सा जातो ज्यांच्याकडून अजून काहीच सिद्ध झालेलं नाही त्या पोरांकडे. शेकडो वर्षांच्या जत्रांना जे सहज जमलं ते मंत्रालयाला जमत नाही याची गंमत वाटते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नगरच्या वाडिया पार्कवर काय झालं ते बहुतेकांनी पाहिलंय, त्याची क्लिप प्रत्येकाच्या फोनवर आली होती. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. पाठ टेकलीच नव्हती असं राक्षेचं म्हणणं. त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. नंतर मुख्य लढतीत महेंद्र गायकवाड निर्णयावर चिडून काही सेकंद उरले असताना मैदान सोडून गेला. मोहोळला गदा मिळाली, थार मिळाली. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी.

लाथ चुकीचीच होती. त्यात ‘पण’ नाही. तरीही ती पाहताना माझ्या मनात आलं की सगळी इस्टेट एका क्षणावर लावलेली असेल तर माणूस पंचांकडे न्यायाधीश म्हणून पाहत नाही, जप्तीला आलेला अंमलदार म्हणून पाहतो. जिंकणाऱ्याला गाडी, मानधन, नोकरीची शक्यता, बॅनरवर फोटो. हरणाऱ्याला घरी परतायचं बसचं तिकीट. सगळं गाठोडं विजयाच्या टोकाला बांधून ठेवलं की खेळ खेळाडूंना खेळकर ठेवत नाही. सिनेमात हेच जरा सभ्यपणे होतं. तिथे कुणी लाथ मारत नाही, शुक्रवारी शो मिळाले नाहीत की दिग्दर्शक थिएटरबाहेर रडतो. एप्रिल २०२३ मध्ये कऱ्हाडे यांचा ‘टीडीएम’ लागला तेव्हा हे आपण पाहिलं. शो मिळत नाहीत म्हणून त्यांनी तो काढून घेतला आणि जूनमध्ये पुन्हा लावला. त्याआधी, २०१५ मध्ये, मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्यावा असा निर्णय राज्य सरकारने घेतलेला होता. निर्णय होता, शो नव्हते.

आता समोरच्याची बाजू ऐकू, कारण ती कच्ची नाही. पाथर्डी तालुक्यातली एक बाई धरा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाते, उन्हाळ्यात टँकरची वाट बघते. तीही सरकारला पैसे देते, बिस्किटाच्या पुड्यावर, साबणावर, चपलेवर. तिच्या त्या पैशातून कुणा पुण्या-मुंबईच्या माणसाचा पिक्चर निघावा, आणि तो पडावा, हे कोणत्या न्यायात बसतं? दुष्काळी जिल्ह्यात हा सवाल हसण्यावारी नेता येत नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात या जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या होत्या, माणसं जनावरांबरोबर तिथेच झोपत होती.

अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या आपल्या ग्रंथात जवळपास हीच अडचण मांडली. काही लोकांना एखादी गोष्ट थोर वाटते म्हणून बाकीच्यांकडून सक्तीने पैसा घेऊन ती पोसायची, याला न्याय म्हणता येत नाही, असा त्यांचा रोख. त्यावर रोनाल्ड ड्वॉर्किन यांनी १९८५ च्या पुस्तकात दुसरी बाजू मांडली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे चित्र थोर की ते, हे सरकारने ठरवू नये. पण संस्कृती ही भाषेसारखी असते, ती आपल्याला आयती मिळते. तिच्यात जेवढे शब्द, जेवढ्या वाटा, तेवढं पुढच्यांना काही म्हणणं शक्य होतं. त्या वाटा बुजू न देणं हे राज्याचं काम आहे.

मला हे पटतं, आणि पटण्याचं कारण अकोळनेरच्या त्या सिनेमातच आहे. ‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. २०१४ पूर्वी पुण्या-मुंबईतल्या किती मराठी माणसांना तो माहीत होता? आज तो मराठीत आहे, आणि त्या शब्दाबरोबर एक अख्खं घर मराठीत आलंय. पाथर्डीच्या बाईचा मुलगा तो सिनेमा मोबाइलवर फुकट बघतो आणि त्याला पहिल्यांदा कळतं की आपल्यासारख्याच्या वाट्याला आलेली गोष्टही गोष्ट असते. त्यात तिच्या बिस्किटावरच्या कराचे चार आणे गेले असते तर ती फसवली गेली असं मला म्हणवत नाही.

पण ड्वॉर्किनवर थांबलो तर त्या बाईला अर्धंच उत्तर मिळतं. तिने आणखी एक विचारायला हवं: माझा पोरगा पळतो चांगला, त्याला काय? आजची रीत सांगते, आधी पदक आण, मग बघू. म्हणजे तिच्याकडून कर घ्यायचा आणि तो अशा घरांना द्यायचा ज्यांच्याकडे विकायला जमीन होती, गहाण टाकायला दागिने होते, किंवा ज्यांच्या कॉलेजात घर गहाण टाकणारा प्राचार्य होता. तिच्याकडे कोयता आहे, तो गहाण पडत नाही. विजयानंतर दिलेला पैसा गरिबाच्या बाजूचा दिसतो, कारण फोटोत गरिबाचा मुलगा असतो. प्रत्यक्षात तो त्या एका मुलापर्यंत पोहोचतो, जो पैशाशिवायही पोहोचला होता.

श्रीरामपूरचा झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे यांची नावं जिल्हा अभिमानाने घेतो. दोघंही घडले मुंबईच्या मैदानांवर. घेऊ द्या, अभिमानाला कर नाही.

याच जिल्ह्यात सरकारने एका धंद्याला मात्र निकालाआधी पैसे दिले. साखरेला. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि त्यानंतर महाराष्ट्रभर जी रीत पडली ती अशी: शेतकऱ्यांनी थोडं भागभांडवल जमवायचं, सरकारने त्यात आपलं भांडवल घालायचं, उरलेल्या कर्जाला सरकारने हमी द्यायची. उसाचं एक कांडं गाळण्याआधी. कुणी म्हटलं नाही की आधी साखर दाखवा, आम्ही ती चाखून ‘अ’ की ‘ब’ ते ठरवू आणि मग बॉयलरचे पैसे देऊ. कारण सगळ्यांना कळत होतं की ज्याच्याकडे बॉयलर घ्यायला पैसे नाहीत त्याच्याकडून साखर मागणं ही थट्टा आहे. त्या आगाऊ पैशाने जिल्ह्याचं रूप पालटलं. कॉलेजं आली, दवाखाने आले. उद्या कुणी म्हणालं की सिनेमाला आधी पैसे देणं म्हणजे सट्टा, तर त्याला प्रवरेच्या काठावर आणून उभं करावं.

मात्र त्याला तिथे उभं केलं की तो दुसरंही काही बघेल. आगाऊ पैशाचं पुढे काय होतं तेही साखरेनेच दाखवलंय. कारखान्यांभोवती राजकारणाची घराणी उभी राहिली, अनेक कारखाने आजारी पडले, हमीचा बोजा तिजोरीवर आला, काही कारखाने कवडीमोलाने विकले गेल्याचे आरोप झाले. पैसा आधी द्यायचा म्हणजे कुणाला द्यायचा हे कुणीतरी आधी ठरवणार, आणि ते ठरवणारा आपल्या भाच्याला विसरणार नाही. निकालानंतरच्या बक्षिसात निदान पदक तरी दिसतं. ही भीती खरी आहे आणि माझ्याकडे तिच्यावर रामबाण नाही.

सिनेमातही ती करून झालेली आहे. केंद्र सरकारने १९६० मध्ये फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन काढलं, तिथून ‘भुवन शोम’सारख्या चित्रपटाला, मणी कौल यांच्या ‘उसकी रोटी’ला कर्ज मिळालं, म्हणजे पैसा आधी. त्यातून हिंदी सिनेमाची एक नवी वाटच फुटली. बरेच चित्रपट मात्र थिएटरांपर्यंत पोहोचले नाहीत, आणि १९७६ मध्ये संसदेच्या समितीने या महामंडळाला फैलावर घेतलं की पैसे परत न येणाऱ्या चित्रपटांना कर्ज देता कशाला. जणू पैसे हमखास परत येणाऱ्या चित्रपटांना सरकारी कर्जाची गरज होती! पुढे त्याचंच राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झालं.

दुसरी भीती मिंधेपणाची. सरकारचं मीठ खाल्लं की सरकारविरुद्ध बोलता येतं का? १९९६ मध्ये पु. ल. देशपांडे यांना पहिला ‘महाराष्ट्र भूषण’ दिला गेला, त्यांनी भाषणात सत्तेला चार शब्द सुनावले, आणि पुरस्कार दिल्याबद्दल सत्तेतल्यांनीच जाहीर नापसंती दाखवली. २०१७ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात परीक्षकांनी निवडलेला रवी जाधव यांचा ‘न्यूड’ मंत्रालयाने यादीतून काढला, परीक्षक मंडळाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. ही उदाहरणं देऊन लोक म्हणतात, सरकारी पैसा नकोच.

मला ही उदाहरणं उलट्या बाजूला बोट दाखवतात. दोन्हींत सरकार शेवटी आलंय, काम झाल्यावर, हार घेऊन. मिंधेपणा तिथेच जास्त असतो. ज्याला दर्जा अजून मिळायचा आहे, तो संकलनाच्या टेबलावरच समितीला काय आवडेल हे धरून कात्री लावतो, कुणी सांगावं लागत नाही. ज्याला पैसे मिळून गेलेत आणि परत घेता येत नाहीत, तो जास्त मोकळा. (त्याला दुसऱ्या वेळी मिळतील का, हा प्रश्न उरतोच. उरू द्या. निदान एक सिनेमा तरी मोकळा झाला.) म्हणून रक्कम लहान असावी, पुष्कळ जणांना द्यावी, आणि एकदा दिली की निकाल मागू नये, हिशेब तेवढा मागावा. वीस जणांना दोन-दोन लाख दिले की ते एका ‘अ’ दर्जाएवढे होतात. कॉलेजातला कॅमेरा, उधार लेन्स आणि दोन लाख यांत एक ‘पिस्तुल्या’ होऊ शकतो, उरलेले एकोणीस विसरले जातील. पाथर्डीच्या बाईशी प्रामाणिक राहायचं तर हे तिला आधीच सांगायला हवं, एकोणीस जातील म्हणून. वीस बोअर मारले तर वीसही लागत नाहीत हे तिला आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, आता हे सगळं जुनं झालं, फोन आहे, रील आहे, पोरगं स्वतःच चमकतं, लोकच पैसे देतात. थोडं खरं आहे. पण रीलही शर्यत संपल्यावरच व्हायरल होतं. अल्गोरिदम हा मंत्रालयापेक्षा कडक परीक्षक आहे, तो ‘ब’ दर्जासुद्धा देत नाही.

आणि असंही नाही की सरकारला आधी पैसे देता येतच नाहीत. स्वप्नील कुसाळेच्या दोन कोटींवर आपण भांडलो, पण ते पदक त्या दोन कोटींनी आणलेलं नाही. २००९ मध्ये वडिलांनी त्याला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं, तिथे त्याने नेमबाजी निवडली. पुढे रेल्वेची नोकरी लागली, दर महिन्याला पगार, नेम लागो वा चुको. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेला सैन्याने घेतलं आणि तिथे तो स्टीपलचेसचा धावपटू झाला. प्रबोधिनीतलं जेवण, रेल्वेचा पगार, पलटणीतला बूट, हे सगळं सरकारी पैशातलंच. त्याचा धनादेश कुणी मोठा करून फोटोसाठी धरला नाही, कारण त्या वेळी सोबत उभं करायला पदक नव्हतं.

खर्डेकरांनी घर गहाण ठेवलं तेव्हाही नव्हतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले होते. ५२ मध्येही सहावे आले असते तर बैलगाड्या निघाल्या नसत्या आणि मैदानं मारून कर्ज फेडायला कुस्त्यांना गर्दीही झाली नसती. कोल्हापुरात एका प्राचार्यांचं घर गेलं, एवढंच काही जणांच्या लक्षात राहिलं असतं, आणि लोक म्हणाले असते, नसता उद्योग.

२००९ च्या आसपास स्वप्नीलबरोबर आणखी मुलं प्रबोधिनीत आली असणार. कुणाचा खांदा दुखावला असेल, कुणी निवड चाचणीत एका गुणाने राहिलं असेल, कुणी आज एखाद्या शाळेत खेळाचा तास घेत असेल, कुणी गावाकडे ट्रॅक्टर चालवत असेल. त्यांची चार-पाच वर्षांची पोळी-भाजी, दूध आणि गोळ्यांचे डबे यांचं बिल आपण भरलं. पाथर्डीच्या बाईनेही भरलं. तिचा पोरगा या वर्षी नववीत आहे असं धरू. चाचण्यांच्या दिवशी पाथर्डीहून नगरला यायला त्याला सकाळची पहिली एसटी धरावी लागते, आणि तिकिटाचे पैसे अजून तरी त्याची आईच देते.